मेद, बाळसे आणि रोहिणी : बालकांच्या स्थूलतेविषयी एक विवेचन

१. विषयप्रवेश

मूल अंगाने भरले की त्याने 'बाळसे धरले' असे मराठीत म्हणतात, आणि प्रौढ माणूस भरला की त्याची 'तब्येत सुधारली' असे म्हणतात. उलट दिशेची क्रियापदे पाहिली तर ती बहुतेक हानीचीच आहेत : वाळणे, सुकणे, रोडावणे, हडकणे, खंगणे, झिजणे. 'गुटगुटीत' हे विशेषण तान्ह्या मुलासाठी कौतुकानेच वापरले जाते, आणि भरपूर पगाराला 'लठ्ठ' म्हणताना कोणाला दोष द्यायचा नसतो. शब्दांची ही वाटणी निष्कारण झालेली नाही. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडाने सोसला आणि १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रातील अनेक हयात माणसांच्या आठवणीत आहे. अशा प्रदेशात अंगावरचे मांस व मेद हीच पुढील पडत्या काळाची शिल्लक मानली जाणे स्वाभाविक होते.

परंतु ज्या अनुभवातून हे शब्द घडले तो अनुभव आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. राजूरचा घाट उतरून बुलढाण्याहून मलकापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोताळा हे तालुक्याचे गाव लागते. तेथील एखाद्या शाळेच्या वर्गात एकाच बाकावर कमी वजनाचा मुलगा आणि प्रमाणाबाहेर वजनाचा मुलगा शेजारी बसलेले आढळू शकतात. वजनकाट्यावर योग्य ठरलेला तिसरा मुलगा त्याच बाकावर असेल, आणि त्याच्या शरीरातील मेद मात्र त्याच्या वयाच्या मानाने अधिक असेल, ही शक्यता पुण्यात झालेल्या संशोधनामुळे विचारात घ्यावी लागते. बालवयातील मेद आणि रक्तवाहिन्यांचे आरोग्य यांचा संबंध कसा आहे, तो कशावरून ठरला, आणि आपल्या प्रदेशात त्याचा अर्थ काय लावावा, याचे विवेचन येथे करावयाचे आहे. विषय वैद्यकाचा असला तरी तो ज्या शब्दांतून लोकांपर्यंत पोहोचतो त्या शब्दांचाही विचार प्रसंगाप्रसंगाने करणे आवश्यक आहे.

२. मेद : कोठार की ग्रंथी?

'मेद' हा शब्द संस्कृतातील स्निग्ध होणे, मऊ होणे या अर्थाच्या 'मिद्' धातूशी जोडला जातो. 'चरबी' हा शब्द फारसीतून आला. आयुर्वेदाने मेदाला सात धातूंत चौथे स्थान दिले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ज्या आठ प्रकारच्या शरीरांना निंदित म्हटले आहे, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश ही दोन्ही आहेत, आणि या दोहोंत अतिस्थूलाची चिकित्सा अधिक कठीण मानली आहे. मेद हा केवळ साठा नसून शरीराच्या एकंदर व्यवहारात भाग घेणारा घटक आहे, ही कल्पना त्या परंपरेला परकी नव्हती.

आधुनिक शरीरशास्त्राने मात्र मेदाकडे दीर्घकाळ कोठार म्हणूनच पाहिले. अन्नातून मिळालेली जास्तीची ऊर्जा मेदपेशीत साठते व गरजेच्या वेळी बाहेर येते, एवढेच तिचे काम समजले जाई. १९९४ मध्ये लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला आणि ही समजूत बदलली. लेप्टिन मेदपेशीत तयार होते व साठा किती आहे याची वार्ता मेंदूला देते. पाठोपाठ अॅडिपोनेक्टिन या दुसऱ्या द्रव्याची ओळख पटली. मेद वाढला की लेप्टिन वाढते आणि अॅडिपोनेक्टिन घटते. अॅडिपोनेक्टिन रक्तवाहिन्यांना हितकारक असल्यामुळे त्याची घट हे स्वतंत्र नुकसान आहे. याशिवाय फुगलेल्या मेदपेशींभोवती महाभक्षी पेशी गोळा होतात आणि दाह निर्माण करणारी द्रव्ये रक्तात सोडतात. या दाहाने ताप येत नाही आणि कोठे दुखतही नाही. तो मंद असतो, पण सतत चालू राहतो. म्हणून मेदाला आता अंतःस्रावी ग्रंथीच्या पंक्तीत बसविले जाते.

मेद कोठे साठतो यालाही महत्त्व आहे. कातडीखालचा मेद तुलनेने निरुपद्रवी असतो. पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती साठलेल्या मेदाचे रक्त यकृतद्वाराच्या नीलेतून थेट यकृतात जाते. त्या मेदातून सुटणारी मेदाम्ले यकृतावर येऊन आदळतात. त्यामुळे यकृत इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनासे होते आणि मेदयुक्त कण रक्तात अधिक प्रमाणात सोडू लागते. सारख्याच वजनाच्या दोन मुलांत ज्याच्या पोटात मेद अधिक, त्याला धोका अधिक, असे म्हणण्याचे कारण हे आहे.

३. रोहिणीचे अस्तर

हृदयापासून शरीराकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीला मराठी ग्रंथांत 'रोहिणी' आणि 'धमनी' ही दोन्ही नावे आढळतात. ती नळासारखी निर्जीव नलिका नव्हे. तिच्या आतील बाजूस एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. या अंतःस्तराचे महत्त्व उमगण्यास एक प्रयोग कारणीभूत झाला. रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकन शास्त्रज्ञाने सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर केलेले प्रयोग १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. अॅसिटिलकोलीन हे द्रव्य घातले असता काही पट्ट्या शिथिल होत, तर काही उलट आकुंचन पावत. तपासाअंती असे दिसले की, आकुंचन पावणाऱ्या पट्ट्यांचा अंतःस्तर हाताळताना खरवडला गेला होता. म्हणजे शिथिल होण्याची आज्ञा स्नायूला अंतःस्तराकडून मिळत होती. ही आज्ञा नेणारे द्रव्य नायट्रिक ऑक्साइड हा वायू आहे, हे पुढे सिद्ध झाले. या संशोधनाबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नायट्रिक ऑक्साइड रोहिणीला रुंदावते, रक्तकणिकांना भिंतीस चिकटू देत नाही आणि दाह रोखून धरते. अतिरिक्त मेद या द्रव्यावर अनेक बाजूंनी आघात करतो. इन्शुलिनच्या अनेक कार्यांपैकी एक म्हणजे अंतःस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड तयार करविणे. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले की हे कार्य मंदावते. अॅडिपोनेक्टिनचा आधार कमी होतो, दाहद्रव्ये नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती घटवितात, आणि वाढलेले लेप्टिन मज्जासंस्थेच्या द्वारे रक्तदाब चढविण्यास हातभार लावते. अंतःस्तर असा दुबळा झाला की कोलेस्टेरॉल वाहणारे कण त्याच्याखाली शिरतात, तेथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते, महाभक्षी पेशी ते गिळतात आणि स्वतः मेदाने भरून फेसाळ दिसू लागतात. अशा पेशींचा समूह म्हणजे रोहिणीच्या भिंतीवरील पहिली पिवळसर मेदरेषा होय.

या विकाराचे 'अथेरोस्क्लेरोसिस' हे नाव फेलिक्स मार्चांड या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये रूढ केले. त्यातील पहिला ग्रीक शब्द पेज वा लापशी या अर्थाचा आहे आणि दुसरा काठिण्य या अर्थाचा. आत मऊ पेज आणि वर कठीण कवच, असे त्या विकाराचे यथार्थ वर्णन या जोडशब्दात आहे. 'रोहिणीकाठिण्य' या मराठी शब्दात काठिण्य तेवढे उतरले, पेज मात्र राहून गेली. त्यामुळे हा वाहिन्या जुन्या होऊन ताठरण्याचा, अर्थात म्हातारपणाचा विकार आहे असा वाचकाचा ग्रह होतो. तो कसा चुकीचा आहे हे पुढील पुराव्यावरून दिसेल.

४. आरंभ बालवयात

कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय २२ वर्षे होते. त्यांपैकी सुमारे ७७ टक्के जणांच्या हृद्‌रोहिण्यांत विकाराची डोळ्यांना दिसणारी चिन्हे आढळली. ही तरुण माणसे सैन्यात भरती होण्याइतकी सुदृढ होती, त्यामुळे विकाराचा आरंभ त्याही आधीचा असला पाहिजे, हे उघड झाले.

आरंभ किती आधीचा, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावाने दिले. तेथे जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७३ मध्ये मुलांची पाहणी सुरू केली व ती पुढे अनेक दशके चालली. अपघातादी कारणांनी मृत्यू पावलेल्या, २ ते ३९ वर्षे वयाच्या २०४ व्यक्तींच्या रक्तवाहिन्यांचे परीक्षण करून १९९८ मध्ये निष्कर्ष मांडण्यात आले. ज्यांच्या हयातीतील मोजमापे उपलब्ध होती त्यांच्यात वजनाचा निर्देशांक, रक्तदाब आणि रक्तातील मेद जितके अधिक, तितका रोहिण्यांतील विकारही अधिक पसरलेला होता. एकाहून अधिक दोष एकत्र आले असता विकाराची वाढ विशेषच दिसून आली.

जिवंत मुलांत हे पाहण्याची सोय १९९२ मध्ये झाली. त्या वर्षी सेलरमायर आणि त्यांचे सहकारी यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक निर्वेध रीत मांडली. हातावर पट्टा आवळून काही मिनिटे रक्तप्रवाह थांबवितात. पट्टा सोडल्यावर रक्ताचा लोंढा येतो, तेव्हा निरोगी रोहिणी रुंदावते. ती किती रुंदावते हे श्राव्यातीत ध्वनीच्या यंत्राने मोजतात. तिचे रुंदावणे कमी पडले तर अंतःस्तर दुबळा झाला असे समजावे. दुसरी रीत मानेतील रोहिणीच्या भिंतीच्या आतील दोन थरांची जाडी मोजण्याची आहे. मुलांत ही जाडी साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणून फरक मिलिमीटरच्या शतांशात पाहावा लागतो. स्थूल मुलांत रुंदावणे कमी आणि भिंत जाड, असे अनेक देशांत दिसून आले आहे.

५. पुण्याचे संशोधन

वरील सर्व पुरावा वजनाने जड असलेल्या मुलांविषयीचा आहे. भारतीय बालकांच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि तो पुढे आणण्याचे श्रेय बऱ्याच अंशी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना द्यावे लागते.

१९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांच्या पोषणाची पाहणी सुरू झाली. तिच्यातील नवजात अर्भकांची इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांशी तुलना करणारा लेख २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याकडील अर्भकांचे सरासरी वजन २·७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३·५ किलो होते. मात्र ही घट सर्व शरीरात सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातील अवयव यांत ती सर्वाधिक होती, तर खांद्याच्या पात्याखाली चिमटीत येणारी मेदाची घडी त्या मानाने पुष्कळच शाबूत होती. अशा अर्भकाला संशोधकांनी 'कृश' आणि 'मेदस्वी' ही दोन्ही विशेषणे एकत्र लावली. ही विशेषणे परस्परविरोधी वाटतात, पण विरोध वस्तुस्थितीत नाही. बारीक म्हणजे बिनमेदाचा आणि जाड म्हणजे मेदाचा, हे जे समीकरण आपण मनाशी धरतो त्यात तो आहे.

या विसंगतीचे एक मार्मिक उदाहरण २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापले. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहसंशोधक डॉ. युडकिन या दोघांचाही वजन-उंची निर्देशांक २२·३ होता. शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा ९·१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१·२ टक्के भरला.

बालकांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा लेख १९९९ चा आहे. के.ई.एम. रुग्णालयात जन्मलेल्या ४७७ मुलांची वयाच्या आठव्या वर्षी तपासणी करण्यात आली. ज्यांचे जन्मवजन कमी होते त्यांच्यात इन्शुलिनला होणारा विरोध अधिक आढळला. जन्मतः लहान असून आठव्या वर्षी मेदाने भरलेल्या मुलांची स्थिती सर्वांत प्रतिकूल होती. दिल्लीत जन्मलेल्या १,४९२ व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तेही याच दिशेचे आहेत. तरुणपणी ज्यांच्या रक्तातील साखरेचे नियमन बिघडले, ते पहिल्या दोन वर्षांत कृश होते आणि त्यानंतर इतरांपेक्षा वेगाने भरत गेले होते. तरीही बाराव्या वर्षी त्यांच्यापैकी कोणीही प्रचलित व्याख्येनुसार स्थूल नव्हते.

यावरून एक नाजूक पण निर्णायक भेद लक्षात येतो. पहिल्या दोन वर्षांत वाढणारे वजन बहुतांशी उंची, स्नायू आणि अवयव यांच्या कारणी लागते व ते हितकारक असते. त्यानंतर उंचीला मागे टाकून वाढणारे वजन मुख्यतः मेदाचे असते. दोन्ही प्रसंगी भाषा एकच शब्द योजते : मूल 'भरले'.

६. मोजावे कशाने?

वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची रीत बेल्जियमच्या केतले याने एकोणिसाव्या शतकात घालून दिली, आणि तिचा प्रचलित इंग्रजी नावाने पुरस्कार अॅन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये केला. प्रौढांसाठी एक ठरीव आकडा चालतो, मुलांसाठी चालत नाही. जन्मानंतर हा निर्देशांक प्रथम वाढतो, मग उतरतो आणि पाच-सहा वर्षांच्या सुमारास पुन्हा चढू लागतो. ही चढण लवकर सुरू होणे हे पुढील स्थूलतेचे पूर्वचिन्ह मानतात. म्हणून मुलांसाठी वयानुसार आलेख लागतात. भारतीय बालरोग संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षे वयासाठी जे आलेख प्रसिद्ध केले, त्यांत प्रौढपणीच्या २३ व २७ या निर्देशांकांना समतुल्य अशा रेषा अतिवजन आणि स्थूलता यांसाठी काढल्या आहेत. आंतरराष्ट्रीय रेषा २५ व ३० यांच्याशी जुळविलेल्या असतात. भारतीय शरीरात कमी वजनालाही मेद अधिक असतो, हे ओळखून ही मर्यादा खाली आणली आहे.

तरीही हा निर्देशांक स्नायू आणि मेद यांत फरक करू शकत नाही. त्यासाठी कातडीच्या घडीचे मापन किंवा क्ष-किरणांवर आधारलेली यंत्रे लागतात, आणि ती तालुक्याच्या गावी सहसा नसतात. पण पोटातील मेदाचा अंदाज देणारी एक साधी रीत आहे. मुलाच्या उंचीइतकी सुतळी घ्यावी, ती दुमडून निम्मी करावी आणि कमरेभोवती धरावी. टोके एकमेकांना मिळाली नाहीत, तर कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक आहे आणि मुलाला डॉक्टरांकडे नेणे योग्य ठरेल. ही रीत रोगनिदानाची नाही, चाळणीची आहे. साधारण सहा वर्षांनंतरच्या मुलांना ती लागू पडते, आणि सुतळी पोहोचली म्हणून मूल निर्दोष ठरले असेही समजू नये. रक्तदाब मोजतानाही मुलाच्या दंडाला बसेल असा लहान पट्टा घेतला पाहिजे. पट्टा बेमाप असेल तर येणारा आकडा दिशाभूल करतो.

७. मोताळ्यासारख्या तालुक्यात

२०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण पाहणीत १० ते १९ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे २४ टक्के वयाच्या मानाने कृश आढळली आणि सुमारे ५ टक्के अतिवजनाची. त्याच वयोगटात मधुमेहपूर्व अवस्थेचे प्रमाण मात्र सुमारे १० टक्के होते. जड मुले पाच टक्के आणि बिघडलेल्या साखरेची मुले दहा टक्के, तेव्हा या दुसऱ्या गटातील निदान निम्मी मुले जड नव्हती, हे साध्या वजाबाकीने दिसते. म्हणून हा केवळ शहरातील सुखवस्तू घरांचा प्रश्न आहे असे समजता येणार नाही. कापूस, मका आणि सोयाबीन पिकविणाऱ्या मोताळा तालुक्यात गरोदरपणी शेतात राबणाऱ्या मातेच्या पोटी कमी वजनाचे मूल जन्मावे, आणि तेच मूल पुढे बिस्किटांच्या पुड्यांवर व गोड पेयांवर वाढावे, ही घटनांची साखळी तेथे सहज संभवते. पुण्याच्या पाहणीतील सर्वांत प्रतिकूल स्थिती याच साखळीच्या टोकाला होती.

यातून चुकीचा अर्थ मात्र काढला जाऊ नये. कृश मुलाचे अन्न कमी करावे असे कोणतेही संशोधन सांगत नाही. कुपोषण हा आजही तेथील मोठा धोका आहे, आणि मातेचे व पहिल्या दोन वर्षांच्या बालकाचे पोषण सुधारणे हाच रोहिणीच्याही रक्षणाचा पहिला उपाय आहे. त्यानंतरच्या वर्षांत अन्नाचे प्रमाण पाहावे तसा प्रकारही पाहिला पाहिजे. भाकरी, डाळी, उसळी, भाज्या, दूध, अंडी यांनी स्नायू व हाडे घडतात. साखर आणि तळलेले पुड्यातील खाद्य यांनी मुख्यतः मेद वाढतो. शाळेतील खेळाचा तास अभ्यासासाठी कापला जातो, तेव्हा त्याची किंमत रक्तवाहिन्या मोजतात.

हा विकार बालवयात परतविता येतो, ही यातील आशेची बाजू आहे. हाँगकाँगमध्ये ९ ते १२ वर्षांच्या ८२ अतिवजनाच्या मुलांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. आहार सुधारल्यावर सहा आठवड्यांत रोहिणीचे रुंदावणे वाढले. आहाराला व्यायामाची जोड मिळालेल्या मुलांत ते अधिक वाढले, आणि ज्यांनी व्यायाम वर्षभर चालू ठेवला त्यांच्या मानेतील रोहिणीची भिंतही तुलनेने कमी जाड आढळली. चार दीर्घकालीन पाहण्यांतील ६,३२८ व्यक्तींची माहिती २०११ मध्ये एकत्र मांडण्यात आली. तिच्यावरून असे दिसले की, लहानपणी अतिवजनाची असूनही प्रौढपणी स्थूल न राहिलेली माणसे मधुमेह, रक्तदाब आणि मानेतील रोहिणीचा विकार या बाबतींत कधीच स्थूल नसलेल्यांच्या बरोबरीला आली होती. बालपणीचा मेद हा कपाळी लिहिलेला लेख नव्हे.

८. शब्दांची जबाबदारी

आरोग्यसेविका, शिक्षक आणि पालक यांच्या संभाषणात ही सारी माहिती शेवटी थोड्याच शब्दांत उतरते. 'मूल चांगले भरले आहे' या वाक्याने जड मुलाचा धोका झाकला जातो. 'बारीक आहे, त्याला कशाचे भय?' या प्रश्नाने कृश पण मेदस्वी मुलाचा धोका झाकला जातो. याउलट 'ढोल्या', 'जाड्या' अशी हाक मारल्याने मुलाच्या अंगावरचा मेद कमी होत नाही. ते मूल मैदानावर जायचे टाळते, म्हणजे ज्या उपायाने त्याची रोहिणी सुधारावयाची त्याच उपायापासून दूर जाते. 'अंगात चरबी चढली' हा वाक्प्रचार उद्दामपणा दाखवितो. त्याची छाया शरीराच्या वर्णनावर पडली की आजाराला दोषाचे रूप येते.

नव्या पारिभाषिक शब्दांची भर घालून ही अडचण दूर होणार नाही. ज्या क्रियापदांत आज सगळी वाढ एकाच अर्थाची मानली जाते, त्यांत भेद करण्याची सवय लावणे अधिक उपयोगाचे आहे. मूल 'भरले' असे म्हणताच ते कशाने भरले, उंचीने, स्नायूंनी की पोटाच्या मेदाने, हे विचारले गेले पाहिजे. एवढा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला, तर वजनकाट्याने जे दिसत नाही त्यापैकी बरेचसे सुतळीने आणि वेळच्या तपासणीने दिसू लागेल.